वाइनचं बिल आणि ८०-जीची पावती

नामिबियाच्या राजधानीत, विंडहोकला येऊन मला चार वर्षं झाली, पण आई-बाबा पहिल्यांदा आले ते गेल्या जुलैत. जुलै म्हणजे इथला हिवाळा. रात्री पारा शून्याकडे सरकतो, दिवसभर आकाश इतकं निळं की बाबा म्हणाले, "कोणीतरी रंगवून ठेवल्यासारखं वाटतंय." त्यांना सिंह बघायचा होता. आईला काहीच बघायचं नव्हतं, तिला माझं स्वयंपाकघर लावायचं होतं.

विंडहोकपासून पाऊण तासावर 'नान-कु-से' नावाचं एक लॉज आहे. माझा उच्चार चुकीचाच आहे, कारण मूळ नावात 'न'नंतर एक आडवी रेघ असते आणि तिथे जीभ दातांमागे लावून आवाज काढायचा असतो. बरीच खटपट केल्यावर माझ्या लक्षात आलं, की कोणाबद्दल हळहळताना आपण जो 'च्च' करतो ना, नेमका तोच. आपल्याकडे तो हळहळीपुरता उरलाय, सान या इथल्या आदिवासींच्या भाषेत ते चक्क व्यंजन आहे. नावाचा अर्थ, देव आपल्यावर लक्ष ठेवील.

एका रात्रीचं भाडं ऐकून बाबांनी चष्मा काढला. "या पैशात वरोऱ्यात लग्न लागतं." मी सांगितलं, की हे लॉज धर्मादाय आहे. नफा कोणाच्या खिशात जात नाही. त्यातून जखमी आणि अनाथ प्राण्यांचं अनाथालय चालतं, सान मुलांची शाळा चालते, दवाखाना चालतो.

"हॉटेल आणि धर्मादाय?" आम्ही वरोऱ्याचे. आनंदवन शेजारी असलेल्या माणसाला समाजसेवा म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये. तिथे सतरंजीवर जेवतात, वाइन पीत नाहीत.

मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "बाबा, हे ज्या डॉक्टरांनी बायकोबरोबर उभं केलं, त्यांनी सचिनला बोल्ड केलंय."

२३ फेब्रुवारी २००३, पीटरमॅरिट्झबर्ग, भारत विरुद्ध नामिबिया. सचिन १५२. बाबांना तो सामना पाठ होता, गोलंदाज मात्र आठवत नव्हता. रूडी व्हॅन व्ह्यूरेन. पेशाने डॉक्टर. त्याच विश्वचषकात त्यांनी इंग्लंडचे पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलियाच्या लेहमनकडून शेवटच्या षटकात २८ धावांचा मारही खाल्ला, आणि त्याच वर्षी रग्बीचा विश्वचषकही खेळले. बाबा गाडीत बसले.

रूडींच्या पत्नी मार्लिस इथल्याच एका पशुपालकांच्या शेतावर वन्यप्राण्यांत आणि सान मुलांत वाढल्या. त्यांची भाषा त्या लहानपणापासून बोलतात. दोघांनी २००३ मध्ये पूर्वेकडे एपुकिरोला सान लोकांसाठी दवाखाना काढला, लॉज आणि अनाथालय त्यानंतरचं. मुरमाच्या रस्त्यावर मी हे सांगत असताना मागून आई म्हणाली, "म्हणजे हेमलकसाच की."

मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. नवरा डॉक्टर, बायको जोडीला. आदिवासींचा दवाखाना आधी, प्राणी मागून. प्रकाश आमट्यांकडे पहिलं आलं ते शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू. इथे येतात ते गोळी घातलेल्या चित्तिणीचे बछडे.

चित्त्याचं इथलं गणित आपल्याला उलटं वाटेल. जगात सर्वांत जास्त मोकळे चित्ते नामिबियात, पण ते बहुतेक अभयारण्यांबाहेर, खाजगी शेतांवर. अभयारण्यात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, बछडे मारतात. शेतावर मात्र वासरं असतात आणि बंदूकही. चित्त्यांची ठरावीक झाडं असतात, येता-जाता ते तिथे खूण करून जातात. शेतकरी त्या झाडाभोवती काटेरी कुंपण घालतो आणि एकाच फटीत पिंजरा ठेवतो. आमिष लागत नाही, झाडाच्या ओढीनेच तो आत शिरतो. आता काही शेतकरी गोळी घालण्याआधी या संस्थेला फोन करतात. ते येऊन चित्त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधतात आणि तो कुठे फिरतोय हे शेतकऱ्याला कळवत राहतात, म्हणजे वासरं त्या बाजूला सोडू नयेत. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. बछडे मात्र बहुधा कायमचे इथेच राहतात. दीड वर्षं आईमागे हिंडून शिकार शिकायची असते, ती शाळाच बुडालेली.

दुपारी मांस टाकायची फेरी झाली. सिंहाच्या डरकाळीने जीपचा पत्रा थरथरला, बाबांचा पैसा वसूल झाला. आईने पदर नाकाला लावून सगळं नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळने मात्र मी अस्वस्थ झाले. सान वाटाड्या कातडं नेसून आला. काड्या घासून जाळ केला, पक्षी पकडायचा फास लावून दाखवला, शहामृगाच्या अंड्यात पाणी साठवून वाळूत कसं पुरायचं ते दाखवलं. हात विलक्षण हुशार. बाबांनी इंग्रजीत विचारलं, "घरीही असेच राहता?" तो हसला. "नाही, थंडी वाजते." फेरी संपल्यावर तो जीन्स आणि लाल जॅकेट घालून मोबाइलवर बोलत जाताना दिसला.

"मंत्री आले की आपल्याकडे आदिवासींना रेला नाचवतात, तसंच," बाबा म्हणाले. मीही तोच विचार करत होते. पण पूर्वेच्या ओमाहेके भागात सान लोकांची शिकारीची भूमी कुंपणं घालून गुरांची शेतं झाली आणि तिचे मालक दुसऱ्यांच्या शेतावर गडी झाले. त्या मजुरीपेक्षा आपल्याच विद्येचा पगार घेणं वाईट कसं म्हणू? तरी माझा कॅमेरा पिशवीतच राहिला.

आणखी एक खटकलं. आम्ही बिबट्या पाहिला, बबूनची पिल्लं पाहिली. एपुकिरोचा दवाखाना कोणी पाहत नाही, तो फार लांब. सान वस्त्यांत क्षयरोग अजून मुक्काम ठोकून आहे, पण क्षयाची गोळी बघायला पैसे मोजून कोण येणार? बिबट्या दिसतो म्हणून पैसे येतात आणि खोकल्याच्या औषधाला जातात. हेमलकशालाही लोक आधी प्राणीच बघायला धावतात, हे आईने तिथल्या तिथे कबूल केलं. आम्हीही तेच केलं होतं.

निघताना बाबांनी बिल हातात घेऊन प्रत्येक ओळ वाचली. मग काउंटरवरच्या मुलीला गंभीरपणे विचारलं, "देणगीची पावती मिळेल? आयकरात सूट मिळते ती, ८०-जीची?" मी जमिनीत गडप व्हायची बाकी. मुलगी गोड हसून नुसती बघत राहिली.

बाबांनी बिल चार घड्या करून डायरीत ठेवलं. आई गाडीत बसता बसता म्हणाली, "आणि काल रात्रीच्या तुमच्या दोन ग्लास वाइन? त्या बिबट्याच्या नावावर टाकायच्या की दवाखान्याच्या?"

"दवाखान्याच्या," बाबा म्हणाले. "औषधच होतं ते."