बोरन्हाणाला आलेल्या मुलांना काय द्यावे : माझा अनुभव

नातवाचे पहिले बोरन्हाण करायचे ठरले तेव्हा हलव्याचे दागिने, काळे झबले आणि खाऊ यांची जुळवाजुळव चटकन झाली. अडले ते आलेल्या मुलांच्या हातात काय ठेवायचे, या प्रश्नावर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुण्यातल्या आमच्या सोसायटीत घरोघरी बोरन्हाणे होतात आणि त्यांतून मुले इतक्या वस्तू घरी आणतात की कोणती कोणाकडची हे आठवडाभरात कोणी सांगू शकत नाही. आम्ही एका मुलामागे साधारण ७० रुपये खर्च करायचे ठरवले होते. सुनेचे म्हणणे होते, "आई, सगळ्यांना एकसारखंच द्या, नाहीतर इथंच भांडणं लागतील." तिचे खरे होते, पण बोलावलेल्या मुलांत नुकते रांगू लागलेले बाळही होते आणि दुसरीत जाणारी मुलगीही होती, आणि या दोघांना एकच वस्तू देणे म्हणजे त्यांपैकी एकाला निरुपयोगी वस्तू देणे होय.

घराजवळच्या एका दुकानात मी प्रथम चौकशी केली. दुकानदाराने लगेच लुकलुकणाऱ्या अंगठ्या आणि शिट्ट्यांचा खोका पुढे ठेवला. "काकू, बोरन्हाणाला हेच जातं, डझनावर घ्या, स्वस्त पडेल." अंगठीच्या पाठीमागचे झाकण मी नखाने उचलून पाहिले, तर ते सहज निघाले आणि आतली बटणासारखी चपटी बॅटरी तळहातावर पडली. अशी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकते. त्यामुळे बॅटरीचे झाकण स्क्रूने बसवलेले नसेल तर ती वस्तू लहान मुलांच्या घरात न्यायचीच नाही, हा माझा पहिला नियम ठरला.

त्या खोक्यावर आयएसआय चिन्हही नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्याच्यासोबत छापलेला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून पडताळताही येतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना मात्र यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी घेताना चिन्ह न शोधता वस्तूच नीट पारखावी लागते. मी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग उतरतो का ते पाहते, कडांवरून बोट फिरवते आणि खुळखुळ्याचा जोड दोन्ही हातांनी ओढून बघते. विक्रेते कधी कधी त्रासिक चेहरा करतात, पण नाही कोणी म्हणत नाही.

आकाराचाही प्रश्न होताच. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी ज्या नळकांड्याने होते त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटीमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे मानतात. घरी तसे नळकांडे नव्हते, म्हणून टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी मी पर्समध्ये ठेवली. ती त्याहून थोडी रुंद असल्यामुळे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होते. तुळशीबागेतल्या भातुकलीची चिमुकली पितळी भांडी पाहून मन फार मोहात पडले होते, पण त्यांतली अर्धीअधिक त्या नळीतून आरपार गेली. ती घेणाऱ्या मोठ्या मुलीला काही होणार नाही हे मान्य. मात्र तिच्या घरी धाकटा भाऊ आहे आणि ताईची प्रत्येक वस्तू आधी त्याच्या तोंडात जाते. भेट ज्याला द्यायची त्याचेच वय पाहून भागत नाही, घरातल्या सर्वांत लहान मुलाचे पाहावे लागते. भोवऱ्यावरही मी याच कारणाने काट मारली, कारण त्याची लोखंडी आर तान्ह्याच्या हाती लागावी असे कोणाला वाटेल?

शेवटी तीन प्रकार ठरले. तीन वर्षांखालच्यांसाठी आमच्या शिंपीणबाईंकडून उरलेल्या सुती कापडाचे, आत चिंध्या भरलेले, मुठीएवढे चेंडू शिवून घेतले. त्यांना मणी, टिकल्या, लोकर काहीही लावले नाही आणि शिवण दुहेरी घातली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जाड मेणखडू आणि वही घेतली. ओळखीच्या छापखान्यात कापून उरलेले जाड कागद मिळाले आणि त्यांच्या वह्या अगदी थोडक्यात बांधून झाल्या. खडू जाडच हवेत, कारण बारीक खडू त्या वयाच्या मुठीत दोन मिनिटांत मोडतात. वाचू लागलेल्या मुलांसाठी अप्पा बळवंत चौकातून नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तके आणली. ७० रुपयांच्या आत इतकी सुबक चित्रे असलेले दुसरे काही मला बाजारात दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर दोन पुस्तके मी स्वतःसाठीही ठेवली.

सुनेच्या भांडणाच्या शंकेवर उपाय शिंपीणबाईंनीच सुचवला. सगळ्यांसाठी एकाच कापडाच्या, नाडी नसलेल्या, पण धरायला कापडी बंद असलेल्या छोट्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने वयोगटाची खूण केली आणि भेट आत ठेवून पिशव्या बोरन्हाणाच्या आधीच वाटल्या. त्यामुळे बोरे, कुरमुरे आणि उसाचे करवे लुटताना मुलांना ती पिशवीच हाताशी आली आणि आत काय आहे यापेक्षा त्यात किती मावते याचीच चढाओढ लागली. शेंगदाणे आणि अख्खे हरभरे मी त्या लुटीतून वगळले होते; माझ्या नणंदेला ते रुचले नाही, पण तेही घशात अडकणाऱ्यांतलेच आहेत. ऐनवेळी दोन मुले न बोलावता भावंडांबरोबर आली. त्यांच्यासाठी जादा शिवलेल्या पिशव्यांत वही आणि खडू होते, कारण वय माहीत नसलेल्या पाहुण्याला तीच जोडी सर्वांत जास्त चालते.