निळ्याची डबी : ३८ ग्रॅमपर्यंत आलो

निळ्या म्हणजे माझं कबूतर. जुन्या काळी कबुतराच्या छातीवर कॅमेरा बांधायचे, तसली नकली डबी त्याच्यासाठी करतोय. मागच्या महिन्यात नुसता छातीचा पट्टा झाला होता. आता त्याला डबी लागली. पुठ्ठ्याचीच आहे, आत भिंग नाही, फिल्म नाही. सोनाराच्या काट्यावर ३८ ग्रॅम भरली, त्यातले ५ ग्रॅम नुसत्या सलाईनच्या नळीवरच्या, धार कमीजास्त करायच्या चाकाचे.

हे खूळ ज्याचं, तो जर्मनीतल्या क्रोनबर्गचा औषधवाला युलिउस नॉयब्रोनर. हा गडी कबुतरांवरून ७५ ग्रॅमपर्यंत औषधं मागवायचा. एकदा एक कबूतर धुक्यात हरवलं आणि ४ आठवड्यांनी चांगलं खाऊनपिऊन परत आलं. होतं कुठं इतके दिवस? ढाबळ ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडलेला असतो. यानं त्यापायी छातीवर बांधायचा कॅमेरा केला. कबुतराला एवढं वजन पेलायचं नाही म्हणून पेटंटवाल्यांनी आधी अर्ज फेटाळला. यानं वरून काढलेले फोटोच पुढं टाकले, १९०८ साली पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात जर्मन लष्करानं टेहळणीला वापरून बघितलं, पण तोवर विमानं आली होती.

खरी गंमत शटरची. हवा भरायची, ती हळूहळू सुटते, दाब उतरला की खटका पडतो. मी फुग्याला सलाईनची नळी जोडली. चाक जरा ढिलं की ९ सेकंदांत फुस्स. केसभर आवळलं तर ५० सेकंद. तीन संध्याकाळी यातच गेल्या, घरच्यांचं बोलणं वेगळं.

रविवारी अंबडच्या बाहेरून, २ किलोमीटरवरून निळ्याला सोडलं. ढाबळीत न येता पठ्ठ्या मागच्या गल्लीत एका टाकीवर बसला. पोरांनी धरला. मी पोचेपर्यंत निम्मी गल्ली गोळा. "काहून दादा, पाकिस्तानला फोटो धाडायलास का?"

हसलो, पण घाम फुटला होता. २०२३ साली मुंबईत पायात कड्या आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरं असलेलं कबूतर सापडलं, तर हेर म्हणून ८ महिने पिंजऱ्यात. निघालं तैवानचं शर्यतीचं! माझ्या निळ्याच्या तर छातीवर डबीच.

तेव्हा डबी घेऊन उडणं बंद. पायातल्या छल्ल्यावर फोन नंबर घातला. पट्ट्यानं मानेखालची दोन पिसं घासली आहेत, आतून जुन्या स्वेटरचं अस्तर लावून बघतोय. याहून मऊ आणि हलकं काही कोणी वापरलं असेल तर सांगा.