काटकसर या शब्दाच्या मागे लागले तेव्हा

८ मार्चच्या कार्यक्रमात बचत गटातर्फे ‘काटकसर’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं माझ्या वाट्याला आलं. अकोला जिल्ह्यातलं आमचं गाव लहान. समोर बसणाऱ्या बायांना ‘पैसे वाचवा’ हे मी काय सांगणार? दर महिन्याचे १०० रुपये बाजूला काढताना कशाकशावर पाणी सोडावं लागतं, हे त्या माझ्याहून जास्त जाणतात. म्हटलं, आधी शब्द तर नीट समजून घेऊ. मनात आणखी एक सल होता. एका लग्नघरी पाहुण्यांपैकी कुणीतरी माझ्या सासूबाईंना ‘चेंगट’ म्हटलं होतं, ते मला फार लागलं होतं.

आधी त्यांनाच विचारलं. सासूबाईंना मी मायच म्हणते. माय तेव्हा जात्यावर भरडलेली तूर सुपात घेऊन बसली होती. अख्खी डाळ एका डब्यात, टरफलं गाईच्या टोपल्यात आणि बारीक चुरी वेगळ्या डब्यात, आंबाडीच्या भाजीत टाकायला. हात न थांबवता म्हणाली, “कायची काटकसर वो बाई? हाये थे पुरवा लागते.”

तालुक्याच्या वाचनालयात शब्दकोशाचे भाग होते, पण ‘क’चा नेमका गायब. दोन फेऱ्या वाया गेल्या. मग पुतण्याने मोबाइलवर दाखवलं की शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जुने मराठी कोश फुकट पाहायला मिळतात. मोल्सवर्थचा १८५७ सालचाही त्यात आहे. शोधताना एक लक्षात ठेवा: जुन्या लिखाणात क्रियापदाच्या शेवटी अनुस्वार असतो. ‘काटणे’ सापडत नसेल तर ‘काटणें’ लिहून पाहा. माझा एक अख्खा तास त्या एका टिंबापायी गेला.

शब्दाची फोड सरळ निघाली: काट आणि कसर. काट म्हणजे काटणं, छाटणं. कसर मात्र अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेली. जमा, खर्च, हिशेब, बाकी हे शब्दही तसेच आलेले, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण कसर म्हणजे नेमकं काय? आपण ‘कसर भरून काढली’ म्हणतो तेव्हा उणीव, ‘अंगात कसर आहे’ म्हणतो तेव्हा बारीक ताप. आणि जुन्या वहीला लागते ती कसर तर किडाच!

शेजारच्या गावात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाटीवर क, स, र ही तीन अक्षरं उर्दूत लिहिली. “ताई, अरबीत याचा मूळ अर्थ मोडणं, तुटणं,” ते म्हणाले. मग नातीचं गणिताचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. माझा मुलगा ज्याला अपूर्णांक म्हणतो, त्याला उर्दू माध्यमात कसर म्हणतात! पूर्णातून तुटलेला तुकडा. मला थेट मायचा चुरीचा डबा दिसला.

येताना ‘कृपण’ही विचारून घेतला. संस्कृतात त्याचा एक अर्थ दीन, कीव यावी असा. गीतेत ‘कृपणाः फलहेतवः’ येतं, ते याच अर्थाने. ज्याच्याकडे असूनही हात उघडत नाही, त्याला तो शब्द शोभतो. माझ्या सासूने पाहुण्याच्या ताटात कधी हात आखडला नाही; तिने तुकडा वाया जाऊ दिला नाही, एवढंच. या दोन गोष्टींना लोक एकाच नावाने हाक मारतात, याचा मला खरंच राग येतो.

कार्यक्रमात मी हेच बोलले. पाच मिनिटांची पंधरा झाली. माय मागच्या सतरंजीवर बसली होती. घरी येताना रस्त्यात म्हणाली, “म्हणजे कसर म्हंजे चुरीच ना वो?”

“हो माय, चुरीच.”

“मंग थे पाटीवरचं मले बी लिहून दाखव,” म्हणाली, आणि अंगणात शिरताच चुलीतला कोळसा घेऊन आली.