शिट्टी

आज अखेर स्वतः जोडलेल्या गिटार अँपला (अँप्लिफायरला) पहिल्यांदा करंट दिला. फेंडरच्या जुन्या ट्वीड चॅम्पचं ५एफ१ सर्किट. तीन व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या): एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एसीचं डीसी करायला, म्हणजे रेक्टिफायरला, ५वाय३. जेमतेम ५ वॅट. फिलामेंट लालसर झाले, आजोबांच्या रेडिओतून यायचा तसा तापलेल्या धुळीचा वास आला (व्हॉल्व्ह जुनेच आहेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणलेले) आणि मग अशी कर्कश शिट्टी सुटली की खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अरे, कुकर बंद कर आधी!"

दोन तास एकेक सोल्डर तपासत बसलो. सगळं ठीक. मग ट्यूब पेटली: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट्या जोडल्यात! स्पीकरकडून २२ के (किलोओहम) रेझिस्टरमधून मागे येणारा निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह झाला होता, म्हणजे सिग्नलला आवर घालायच्या ऐवजी तो वाढवतच नेत होता. म्हणून शिट्टी. प्लग काढला, प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरवर शून्य बघितलं (तिथे ३०० व्होल्टांच्या वर असतं, चेष्टा नाही), ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल केली.

चिडीचूप. मग गिटारवर एकच ई मेजर कॉर्ड, आवाज पूर्ण वर.

थोडा हम (घुमणारी गुणगुण) आहे अजून. तो उद्या. काकू झोपल्यात.