फोटोसोबत नावही गेलं पाहिजे

आज कॅमेरा बॅगेतून बाहेर काढलाच नाही. दिवसभर वेबसाइटवरच्या फोटोंचा मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती, भरत बसले होते. शूटिंगइतकंच महत्त्वाचं काम आहे हे, असं मला मनापासून वाटतं.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आयपीटीसीचा (फोटोची माहिती लिहिण्याची ठरलेली पद्धत) एक टेम्प्लेट करून ठेवलाय. नाव, कॉपीराइट, संपर्क असं सगळं इम्पोर्ट करतानाच प्रत्येक फोटोला लागतं. त्यात परवान्याच्या पानाची लिंक टाकायचा एक रकाना असतो, तो बरेच जण रिकामाच सोडतात. तो भरला की गूगल इमेजेसमध्ये फोटोवर 'लायसन्सेबल' (म्हणजे परवाना घेऊन वापरता येईल) असा बिल्ला दिसू शकतो. २०२० पासून ही सोय आहे. फोटो विकत हवा असलेला माणूस मग थेट आपल्यापर्यंत येतो. एक्सपोर्ट करताना मात्र हा मेटाडेटा गाळला जात नाही ना, ते तपासा. आणि कुणाच्या घरी काढलेले फोटो असतील तर जीपीएस लोकेशन आठवणीने काढून टाका, प्लीज.

दुपारी एका क्लायंटचा फोन आला, "हेच फोटो जाहिरातीत वापरले तर चालतील ना?" फोटो कुठे, कशासाठी आणि किती काळ वापरायचे, हे करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यामुळे वाद नाही, अवघडलेपण नाही. त्यांनी स्वतःहूनच वेगळं कोटेशन मागितलं. किती बरं वाटलं!

बॅकअपही झाला: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

टेम्प्लेट कुणाला हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.