गरी रुतल्यावर: जखम, धनुर्वाताची लस आणि 'बाटली फोडता येत नाही'

मासे धरायची गरी (गळ) अंगात रुतली तर ती काढायला फार वेळ लागत नाही. हात माहीतगार असला तर पाच मिनिटांत काम होतं. दिवस खातं ते त्यापुढचं धनुर्वाताचं इंजेक्शन. "तुमच्या एकट्यासाठी बाटली नाही फोडता येत भाऊ, मंगळवारी लसीकरण आहे, तेव्हा या," हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून ऐकून मी परत फिरलो आहे. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे खाली कुठे तिखट वाटलं तर चालवून घ्या.

आधी गरीचं बोलू, ते लवकर आटोपतं.

गरी शिरते टोकाने आणि अडकते उलट्या काट्याने. टोकाच्या जरा मागे, दांडीकडे वळलेला जो बारीक काटा असतो, तो कातडीखाली गेला की सरळ मागे ओढलेली गरी मांस फाडत येते. म्हणून पहिल्यांदा एवढंच पाहायचं, काटा बाहेर दिसतो का आत गेला. नुसतं टोक टोचलं असेल तर दांडी जराशी खाली दाबून आल्या वाटेने मागे घ्या, संपलं. काटा आत असेल आणि जागा मांसल असेल (तळहाताची गादी, दंड, पोटरी) तर दोऱ्याची रीत चालते. जाड तंगूस किंवा मजबूत सुतळी दुहेरी करून गरीच्या वाकात अडकवायची, अगदी कातडीला टेकेल अशी. दुसऱ्या हाताच्या बोटाने दांडीचं नाक्याकडचं (दोरा बांधतो त्या बाजूचं) टोक कातडीवर दाबून धरायचं. या दाबानेच काटा आतल्या मांसातून सुटतो, सगळी खुबी इथे आहे. मग दांडीला समांतर, कातडीच्या पातळीत एकच झटका. भीत भीत ओढलं तर काटा पुन्हा रुततो आणि दुखणं दुप्पट. गरी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, त्या दिशेला कुणाला उभं राहू देऊ नका. कानाच्या पाळीसारख्या हलत्या जागी ही रीत चालत नाही.

तीन तोंडांची गरी असेल तर मोकळी दोन तोंडं आधी कापून टाका, नाहीतर काढणाऱ्याच्या बोटात दुसरी रुतते. गरी पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं, काटा कापायचा आणि उरलेली दांडी मागे घ्यायची, ही रीत डॉक्टरांसाठी ठेवा. त्याला लिग्नोकेनने जागा बधिर करावी लागते. मात्र जाताना घरची तार कापायची पक्कड सोबत न्या. आरोग्य केंद्रात कात्र्या असतात, पक्कड असेलच असं नाही. तसलीच एखादी कोरी गरीही खिशात टाका. काटा किती मोठा आणि कुठे आहे हे डॉक्टरांना ती पाहून लगेच कळतं.

डोळा, पापणी, गळा, सांधा, किंवा रक्त उसळून येतंय अशी जागा असेल तर घरी हात लावायचा नाही. बोटाचा शेंडा बधिर झाला असेल किंवा बोट वाकत नसेल तरीही नाही. डोळ्यात गरी गेली असेल तर कागदी कप उलटा ठेवून, डोळ्यावर दाब न येऊ देता, कडा चिकटवा. पाणी नाही, थेंब नाहीत. १०८ ला फोन आणि जिथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत तिथेच जायचं, जवळच्या केंद्रात चक्कर मारण्यात वेळ घालवू नका.

अंगठी लगेच काढा. हे आधीच सांगायला हवं होतं. बोट सुजलं की ती कापावी लागते.

धुणं. साबण आणि बोरिंगचं किंवा नळाचं वाहतं पाणी, निदान पाच मिनिटं. तलावातच हात खंगाळून "धुतलं ना" म्हणणारे पुष्कळ आहेत. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावर दिवसभर गुरं बसतात, त्या पाण्याने जखम धुणं म्हणजे घाण आत सारणं. काही लोक खर्ऱ्यातला तंबाखू-चुना जखमेवर दाबतात, काही बिडीची राख, काही शेण. शेण तर सरळ धनुर्वाताला आवतण आहे. हळदीनेही जखमेचं तोंड बुजतं आणि घाण आत कोंडते. पोव्हिडोन आयोडीन लावा, वर स्वच्छ गॉज ठेवा, रोज बदला. गरीच्या जखमेला टाके घालत नाहीत. छिद्र लहान आणि खोल असतं, ते आतून भरून यायला मोकळं राहिलं पाहिजे. जखम बुजेपर्यंत पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. जाळं ओढायची पाळी असली तरी भावाला पाठवा.

आता इंजेक्शन.

गंजलेली गरी असली तर धनुर्वात होतो आणि नवीकोरी असली तर होत नाही, ही समजूत आधी सोडा. गंज काही करत नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात बीजरूपाने पडून असतात. त्यांना हवा मानवत नाही, म्हणून अरुंद आणि खोल जखम त्यांना सोयीची. कोरी गरी मातीच्या काठावर टेकवून, गांडूळ लावून वापरली की ती तितकीच धोक्याची. जखम झाल्यापासून ३ ते २१ दिवसांत केव्हाही लक्षणं दिसू शकतात. पहिलं लक्षण बहुधा जबडा आखडणं. तोवर जखम भरूनही गेलेली असते, म्हणून "बरी झाली, आता कशाला सुई" हा हिशेब चुकीचा.

पहिला धक्का उपकेंद्रात बसतो. तिथे लस मिळत नाही आणि त्यावरून आरोग्य सेविकेवर ओरडण्यात अर्थ नाही. लस साठवायचा बर्फाच्या अस्तराचा फ्रीज, म्हणजे आयएलआर, प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. उपकेंद्रात लस येते ती लसीकरणाच्या दिवशी, कॅरियरमध्ये आइसपॅक घालून, आणि उरलेली संध्याकाळी परत जाते. त्यामुळे सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रात्र असेल तर ग्रामीण रुग्णालय.

दुसरा धक्का खिडकीवर. "टीटी द्या" म्हटलं की उत्तर येतं, "टीटी येत नाही आता." खरंच येत नाही. सरकारी लसीकरणात २०१९ पासून टीटीच्या जागी टीडी आली, म्हणजे धनुर्वातासोबत घटसर्पाचाही थोडा अंश असलेली. जखमेसाठी तीच चालते. म्हणून "टीडी आहे का?" असं विचारा. नुसतं "नाही" ऐकून घरी परतलेली माणसं मला माहीत आहेत, आणि टीडी तेव्हा आतल्या खोलीत आयएलआरमध्ये होती.

आणि तिसरा, ज्यासाठी एवढं सगळं लिहितो आहे. बाटली.

टीडीची सरकारी बाटली १० डोसांची, डोस ०.५ मिली. सिस्टरला वाटतं, तुमच्या एकट्यासाठी फोडली तर नऊ डोस वाया जातील, रजिस्टरमध्ये वाया गेलेले डोस दिसतील आणि महिन्याच्या मीटिंगला त्याचा जाब विचारला जाईल. ही भीती खोटी नाही. पण ती लागू पडते बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या बाटलीला. त्या पावडरच्या लसी आहेत, पातळ केल्यावर ४ तासांत वापरल्या नाहीत तर फेकाव्या लागतात. टीडी तयार द्रव लस आहे आणि तिला ओपन व्हायल पॉलिसी लागू होते. उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत वापरता येते. अटी अशा: मुदत संपलेली नसावी, २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी, गोठलेली नसावी, रबराचं बूच पाण्यात बुडलेलं नसावं, दर वेळी निर्जंतुक सुईनेच डोस काढलेला असावा, उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलवर लिहिलेली असावी, आणि व्हीव्हीएम ठीक असावं. व्हीव्हीएम म्हणजे बाटलीवरचा गोल ठिपका आणि त्यातला चौकोन. चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद दिसला तर ती बाटली बाद.

म्हणजे आज तुमच्यासाठी फोडलेल्या बाटलीतले उरलेले नऊ डोस मंगळवारी गरोदर बायांना आणि शाळेतल्या पोरांना बिनदिक्कत देता येतात. एकही थेंब वाया जात नाही. इतकं साधं असताना माणसाला चार दिवस थांबवतात. बरं, थांबणारा थांबतोच असं नाही. रोवणीचे दिवस असले, मजुरी बुडत असली, तर तो मंगळवारी येतच नाही.

यावर भांडू नका, भांडणाने खिडकी बंद होते. "सिस्टर, टीडीला ओपन व्हायल पॉलिसी आहे ना? तारीख टाकून ठेवता येते ना?" एवढंच विचारा. बहुतेकदा पुरतं. तरी नाही म्हटलं तर "वैद्यकीय अधिकाऱ्यांना केसपेपरवर लिहून द्यायला सांगा जी," म्हणा. जखमेचा पेशंट आहे, टीडी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, फ्रीजची किल्ली ज्याच्याकडे आहे तो नाही. "ही लस फक्त गरोदर बायांची आहे" असं कुणी म्हणालं तरी उत्तर हेच, डॉक्टरांकडून लिहून घ्या. केसपेपरचे पैसे द्यायचे नाहीत, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

एवढं करूनही नाहीच मिळाली तर मेडिकलमधून एका डोसचं अँप्युल घ्या, पण दुकानदार ते फ्रीजमधून काढतो का काउंटरच्या ड्रॉवरमधून, हे डोळ्याने पाहा. नेताना बर्फात थेट खुपसू नका, गोठली की ही लस मरते. थंड पाण्याची बाटली, कापड, त्यावर अँप्युल, इतकं बस.

डॉक्टर विचारतील, "शेवटचं कधी घेतलं?" आमच्याकडे याचं ठरलेलं उत्तर "असेल झालं दोन-चार वर्ष." दुसरीकडे काहींच्या डोक्यात "सहा महिने झाले की टीटी" इतकं पक्कं बसलंय की दर खरचटण्याला सुई घेतात. दोन्ही चूक. लहानपणापासून मिळून तीन किंवा जास्त डोस झाले असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसाला १० वर्षं उलटली असतील तरच नवा डोस लागतो. माती-पाण्याच्या खोल जखमेला ही मर्यादा ५ वर्षं, आणि तलावावरची गरी याच गटात येते. विनाकारण सारखे डोस घेतले तर दंड कोपरापर्यंत सुजू शकतो, फायदा शून्य.

ज्यांचे तीन डोस झालेत की नाही हेच ठाऊक नाही, त्यांची गोष्ट वेगळी, आणि गावात चाळिशीपुढचे बहुतेक पुरुष यातच येतात. बायांचे डोस गरोदरपणाच्या कार्डावर सापडतात, पोरांचे १० आणि १६ व्या वर्षीचे शाळेत झालेले असतात, पुरुषांकडे कागदच नसतो. अशा माणसाला पहिल्या लसीने लगेच संरक्षण मिळत नाही, शरीराला ते तयार करायला आठवडे लागतात. म्हणून घाण जखमेला लसीसोबत टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), २५० युनिट, दुसऱ्या दंडात किंवा मांडीत. हे टीडीच्या कितीतरी पट महाग असतं आणि छोट्या केंद्रात सहसा नसतं, त्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. टीडी मात्र चिठ्ठीवर ढकलू देऊ नका, ती तिथेच घेऊन निघा. उशीर झाला म्हणून सोडूनही देऊ नका. चार दिवसांनी मिळाली तरी घ्यायची.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. मधुमेह असेल, जखम सांध्याजवळ किंवा खोल असेल, तर डॉक्टर देतात. त्यांना "तलावाच्या पाण्यातली जखम आहे" हे आवर्जून सांगा. गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जिवाणू असतो, तो साध्या अमॉक्सिसिलिनला सहसा दाद देत नाही आणि एका-दोन दिवसांत हात लाल करून टाकतो. लाली पसरणं, पू, ताप, हातावर वर चढत जाणारी लाल रेघ, यांपैकी काहीही दिसलं की थांबायचं नाही. बोट सॉसेजसारखं सगळीकडून सुजून अर्धवट वाकलेलं राहत असेल आणि सरळ करताना जीव जात असेल, तर कंडरेच्या (बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या शिरेच्या) आवरणात पू झालेला असू शकतो. मग शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना, त्याच दिवशी.

अनोळखी इतिहासवाल्यांचे तीन डोस पूर्ण करायचे असतात: आज, ४ आठवड्यांनी, आणि त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी. दुसऱ्या डोसाला जाल तेव्हा लसीकरणाचाच दिवस गाठा, बाटलीचा वाद टळतो. लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर केसपेपरवर लिहून घ्या आणि तिथेच मोबाइलमध्ये फोटो काढा. कार्ड मिळालं तर ते लॅमिनेट करू नका, पुढच्या डोसची नोंद करायला त्यावर जागा लागते.