गुडघ्याएवढं आभाळ

"सोलापूरला? उडायला? तिथे डोंगर कुठाय?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारला, घरी विचारला आणि शेवटी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये शेजारच्या काकांनीही विचारला. काका पक्के सोलापूरकर. "आमच्याकडं वर जातो तो फक्त पारा," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

डोंगर नाही म्हणूनच तर चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी एका टेकडीवर मी हँग ग्लायडिंग, म्हणजे मोठ्या पंखाखाली आडवं लटकून उडणं, शिकायचा प्रयत्न केला होता. ग्लायडरचं वजन वीस-पंचवीस किलो. उतारावरून पळायचं, चार-पाच सेकंद पाय सुटल्यासारखे वाटतात, धप्पकन खाली. मग तेच धूड खांद्यावर घेऊन पुन्हा चढ. दिवसभरात पाच खेपा झाल्या. उडणं किती शिकलो माहीत नाही, हमाली मात्र व्यवस्थित शिकलो. त्यात वारा उताराच्या समोरून येत नसेल तर नुसतं बसून राहायचं.

सोलापूरच्या मावसभावाचा फोन आला तो असा: "अरे, इथं माळावर स्कूटरनं ओढून शिकवलालेत बे. ये की."

फेब्रुवारीची सुरुवात. पहाटे साडेपाचला त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो, अंगावर मावशीने जबरदस्तीने दिलेली चादर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना कणसं भरलेली ज्वारी, मधेच एखादं माळरान. दगडं वेचलेला असाच एक सपाट तुकडा, मालकाला विचारून घेतलेला. बांबूंना जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या, वारा कळावा म्हणून. चिंध्या जेमतेम हलत होत्या.

आता ती स्कूटर. मागचं चाक काढून तिथे दोरीचा ड्रम बसवलेला, गाडी लोखंडी चौकटीवर घट्ट बांधलेली. बारीक पण भलतीच चिवट दोरी ड्रमवरून निघते, लांब समोर जमिनीत ठोकलेल्या कप्पीला वळसा घालते आणि परत शिकणाऱ्याच्या हार्नेसपाशी, म्हणजे त्याला ग्लायडरला लटकवणाऱ्या पट्ट्यांपाशी, येते. म्हणजे स्कूटर शिकणाऱ्याच्या बाजूलाच, आणि ओढ मात्र समोरून. मूठ पिळली की दोरी गुंडाळली जाते, सोडली की ओढ संपली.

या व्यवस्थेचा सगळा अर्थ कळायला मला अर्धी सकाळ लागली. जीपला दोर बांधून माणूस उडवायचे प्रकार मी ऐकले होते आणि ते मूर्खपणाचे आहेत हे माझं मत अजून तसंच आहे. जीपवाल्याचं लक्ष पुढे रस्त्यावर, मागे माणूस तिरका झालाय हे त्याला कळेपर्यंत उशीर होतो. इथे मूठ धरणारा माणूस जागचा हलत नाही. त्याचे डोळे तुमच्यावरच.

हा माणूस म्हणजे मामा. कुणाचे मामा ते कळलं नाही, सगळे मामाच म्हणत होते. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली, पांढरा लेंगा, कानाला मफलर. शिकवणारे सर वेगळे, ते माझ्याबरोबर पळणार. पण सरांनीच सांगितलं, "पहिले दोन दिवस तुम्हाला खरं उडवणार ते मामाच."

उडण्याआधी हँग चेक. ग्लायडरला हार्नेस अडकवलाय का, हे आडवं लोंबकळून बघायचं. "हा विसरून पळालेले लोक आहेत," सर एवढंच म्हणाले. मी तीनदा तपासलं.

पहिल्या खेपेला मामांनी मूठ इतकी हळू पिळली की मी फक्त चालत गेलो. दुसऱ्या खेपेला पळालो. तिसऱ्या खेपेला पळता पळता पायाखालून जमीन गेली. फार नाही, गुडघ्याएवढी. धसकटं पोटाखालून सरकत होती आणि मी ग्लायडरची हातातली दांडी अशी आवळून धरली होती की मनगटाच्या शिरा वर आल्या. ग्लायडरचं नाक डावीकडे वळायला लागलं, मी घाबरून आणखी आवळलं, आणि एकदम 'टक्' असा आवाज. ओढ गेली. दांडीच्या दोन्ही टोकांना लावलेली रबरी चाकं जमिनीला टेकली आणि मी पोटावर घरंगळत गेलो. तोंडात माती, बाकी काही नाही. माझी खात्री झाली की मी काहीतरी मोडलं.

मामा चालत आले. हातात तुटलेला दोऱ्याचा तुकडा. मुख्य दोरी आणि हार्नेस यांच्यामध्ये हा एक मुद्दाम कच्चा दोरा असतो, वीक लिंक म्हणतात. ठरावीक ताणाच्या वर गेलं की तो तुटलाच पाहिजे. "बाण्याचा आडवा दोरा तुटला की माग आपोआप थांबतो, कापड वाचतंय," मामा म्हणाले. "तसंच हे. तुटला म्हणजे चांगलं झालं." मग माझ्या हातांकडे बघून, "दांडी लई घट्ट धरलालास बघ. दोरा धरतो तसं धर, दोन बोटांत."

या वळण्याचं नाव लॉकआउट. ग्लायडर ओढीच्या रेषेपासून बाजूला फिरला की दोरी त्याला सरळ करत नाही, उलट आणखी तिरका खेचत नेते. उंचावर हे जिवावर बेततं, आणि तुटणारा दोरा दर वेळी वेळेवर तुटेलच असं नाही. म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवरच शिकायचं, आणि दोरी सोडायचा खटका हाताशी ठेवायचा. मामांनी माझ्या बाबतीत दोरा तुटायच्या आधीच मूठ सोडायला घेतली होती, हे सरांनी नंतर सांगितलं.

चहाच्या वेळी सर रंगात आले. ग्लायडरवर उडणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक, जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल. त्याला बर्लिनजवळ मनासारखा डोंगर मिळेना, तर पठ्ठ्याने 1894 मध्ये पंधरा मीटरची टेकडीच रचून घेतली. दोनच वर्षांनी ग्लायडर पडून तो वारला, पण दुसऱ्याच एका टेकडीवर. रोगालो नवरा-बायकोने 1948 मध्ये मऊ पंखाचा नमुना केला तो घरातल्या पडद्याच्या कापडाचा, शिवला बाईंनी. ("पडदा कुठल्या मापाचा?" हा मामांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.) आणि आजच्या ग्लायडरचा आजा म्हणावा तो जॉन डिकन्सनचा पंख 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात ग्राफ्टनला उडाला, तो मोटरबोटीने नदीवर ओढून. म्हणजे हा पंख आधी सपाटीवर ओढून उडाला, डोंगरावर नंतर गेला. त्या काकांना हे सांगायला हवं होतं.

पुढच्या खेपा भराभर झाल्या, चढायचं नाही तर दमायचं कशाला? आठव्या खेपेला मान वर राहिली. सर ओरडत होते, "धसकटं नका बघू, लिंब बघा, लिंब!" समोर लांब एक कडुलिंब होता. नजर तिथे ठेवली आणि हात आपोआप सैल पडले. दांडी किंचित छातीकडे घेतली की वेग येतो, पुढे ढकलली की मंदावतो, शरीर डावीकडे नेलं की पंख डावीकडे. हे सगळं आदल्या रात्री पाठ होतं, पण हातांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. डोक्याएवढ्या उंचीवर गेलो असेन. ओढ हलकी होत गेली, मी दांडी वर ढकलली आणि दोन पायांवर उतरलो. दोन पावलं चुकली, पण उभा होतो.

बाराव्या खेपेला हार्नेस चढवत होतो तेवढ्यात ज्वारीच्या कडेने एक वावटळ उठली, पाचोळा गरगरत माळावर आला. साडेनऊच झाले होते. मामांनी स्कूटर बंद केली. "तापलं रान. आता उद्या."

भाऊ म्हणाला, "उद्या याची सकाळची हुतात्मा हाय."

मामा बसल्या बसल्या उद्याच्या वीक लिंका बांधत होते. विणकराची गाठ, बोटं कुठून कुठे गेली ते दिसतही नव्हतं. मला एक तुकडा दिला. मी बांधली ती ओढल्यावर सुटली. परत बांधली, परत सुटली. भाऊ कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडून बसला होता. मी एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने मोबाइलवर तिकीट रद्द केलं.